चाकांवरची बॅटरी आणि रस्त्यातले हादरे

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात संध्याकाळी एक चक्कर मारली, तर चाकांवर चालणारे कितीतरी धंदे दिसतात. कबाब-पराठ्याची गाडी, बर्फाच्या गोळ्याची ट्रॉली, लग्नाच्या मांडवाला दिवे पुरवणारा छोटा टेम्पो, ई-रिक्षा. शाळांना सुट्टी लागली की मागे गादी टाकून, पंखा लावून, पोराबाळांसह गावी निघालेल्या गाड्याही दिसतात. मोटारीमागे ओढायच्या दोन चाकी ट्रॉलीत झोपण्याची सोय करून फिरणारी हौशी कुटुंबे आता आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे.

या सगळ्या गाड्यांत एक वस्तू सारखीच असते. सीटखाली, फळीमागे किंवा कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी. तिच्यावर दिवे लागतात, पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो. कुणाच्या घरात नानीला इन्शुलिन लागत असेल, तर ते थंड ठेवणारी छोटी पेटीही तिच्यावरच चालते. पूर्वी ही बॅटरी ॲसिडची असायची. आता तिची जागा लिथियमची बॅटरी घेत आहे.

बॅटरी कुठली घ्यावी, किती दिवस चालते, किती वॉरंटी आहे, याची चौकशी सगळेच करतात. ती गाडीत बसवायची कशी, हा प्रश्न मात्र बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. या लेखात आम्ही तेवढाच प्रश्न घेतला आहे, कारण त्यावर महागड्या बॅटरीचे आयुष्य अवलंबून आहे आणि गाडीत बसलेल्या माणसांची सुरक्षितताही.

हलकी आहे म्हणूनच धोका

बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांची ॲसिडची बॅटरी साधारण २५ ते ३० किलो भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११ ते १४ किलोच्या आसपास असते. घरातली बाईही ती एकटीने उचलू शकते. ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, लिथियमची बरीच जास्त वापरता येते. म्हणून लोक पदरचे जास्त पैसे घालून ती घेतात, आणि ते बरोबरही आहे.

पण हलकेपणामुळे एक सवय लागली आहे. जुनी बॅटरी जड असल्याने वेल्डिंगवाल्याकडून तिच्यासाठी लोखंडी चौकट करून घेतली जायची. नवी बॅटरी मात्र सीटखाली सरकवून दिली जाते. बाजूला एक वीट, खाली जुनी चादर, वरून सुतळीचे दोन वेढे. झाले काम! रस्ता सरळ असेल तोवर ती हलत नाही. आपले रस्ते किती सरळ आहेत, हे बदलापूर-अंबरनाथकरांना सांगायला नको. पावसाळ्यातले खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचे सांधे आणि हात-दोन हातांवर घातलेले गतिरोधक, हे सगळे ती बॅटरी रोज सोसत असते.

थोडा हिशेब करून पाहू. खराब रस्त्यावर गाडीला सेकंदाला दहाच बारीक झटके बसतात असे धरले, तरी तासाभरात ३६,००० झटके होतात. एवढे झटके खाऊन कुठलाही नट सैल होऊ शकतो, कुठलीही तार घासू शकते. एका मोठ्या आपटण्याने होत नाही ते नुकसान या बारीक थरथरीने होते, आणि ते होत असताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

एका गाडीची गोष्ट

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाची खाद्यपदार्थांची गाडी आहे. मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर गर्दीच्या वेळी गाडीवरचे दिवे मिणमिणू लागले. कधी दिवे जायचे, कधी गाडीला धक्का दिला की पुन्हा यायचे. सगळ्यांचे एकच मत, बॅटरी गेली. नवी घ्यायची तर ईदच्या कपड्यांसाठी साठवलेले पैसे त्यात जाणार होते.

शेवटी एका अनुभवी कारागिराने बॅटरी बाहेर काढायच्या आधी तिच्या टोकावरची तार दोन बोटांनी हलवून पाहिली. ती हलली. नट पाऊण फेरा सैल झाला होता. त्याभोवतीचे प्लास्टिक उष्णतेने मऊ होऊन काळे पडले होते. बॅटरी घडी केलेल्या चादरीवर ठेवलेली होती, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर ती उडायची आणि उडताना तिला अडवून धरायचे काम त्या तारेवर यायचे. नवी तार, नवे लग, एक लोखंडी चौकट आणि दोन पट्टे, एवढ्यावर काम भागले. बॅटरी अजून तीच आहे.

तिथले प्लास्टिक वितळले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. सैल जोडातून वीज जाताना अडथळा वाढतो आणि अडथळ्याची उष्णता होते. जोडाचा अडथळा एका ओहमचा फक्त शंभरावा भाग असला आणि त्यातून ५० अँपिअर वीज जात असली, तर तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस डाग द्यायला जे छोटे सोल्डरिंग लोखंड वापरतो, तेही साधारण २५ वॅटचेच असते. म्हणजे सीटखाली, गादीच्या आणि चिंध्यांच्या शेजारी एक तापलेले सोल्डरिंग लोखंड तासन्‌तास ठेवल्यासारखेच ते झाले.

हादरा आत काय करतो

नट सैल होणे हे बाहेरून दिसणारे नुकसान. पेटीच्या आत आणखी बरेच काही घडते.

बारा व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पेटीत ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने जोडलेले असतात. काही पेट्यांत हे सेल मोठे चौकोनी असतात. काहींत टॉर्चच्या सेलसारखे गोल सेल भरपूर संख्येने असतात आणि ते निकेलच्या पातळ पट्ट्यांनी, ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने जोडलेले असतात. पेटी सतत हादरत राहिली आणि आतले सेल घट्ट बसवलेले नसले, तर हे ठिपके एकेक करून सुटतात. उरलेल्या पट्ट्यांवर जास्त भार येतो आणि त्या तापतात.

आत एक छोटी सर्किटची पाटीही असते. तिला बीएमएस म्हणतात. प्रत्येक सेलवर नजर ठेवणे, जास्त चार्ज झाला किंवा फार उतरला तर वीज तोडणे, हे तिचे काम. केसासारख्या बारीक तारांनी ती सेलशी जोडलेली असते. त्यातली एखादी तार तुटली की त्या सेलची खबर पाटीला नीट मिळत नाही. बॅटरी कारणाशिवाय बंद पडू लागते, आणि पाटी हलक्या प्रतीची असेल तर पहारेकरीच झोपी गेल्यासारखे होते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. दोन सेलमध्ये किंवा सेल आणि पत्र्यामध्ये जे कागदाचे वा प्लास्टिकचे आवरण असते, ते घासून घासून फाटते. मग धातूला धातू लागतो आणि शॉर्ट सर्किट होते. लिथियम आयर्न फॉस्फेट ही जात इतर लिथियम जातींपेक्षा उष्णतेला जास्त टिकते, पण शॉर्ट सर्किटपुढे तिचेही काही चालत नाही.

नियम काय सांगतात

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या धानोरी भागात रस्त्याकडेला उभ्या ई-स्कूटरने पेट घेतला. पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीस ई-स्कूटरपैकी वीस जळून गेल्या. अशा घटना देशात इतरत्रही घडल्यावर केंद्र सरकारने चौकशी करवली आणि ई-वाहनांच्या बॅटरीसाठीचा एआयएस-१५६ हा नियम कडक केला. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी मोठी संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे.

लिथियम बॅटरीची वाहतूक करायची असेल तर संयुक्त राष्ट्रांची ३८.३ या क्रमांकाची चाचणीही तिने पार केलेली असावी लागते. त्यात हादऱ्यांची वेगळी परीक्षा आहे. थरथरणाऱ्या टेबलावर बॅटरी ठेवतात. टेबलाचा वेग सेकंदाला ७ कंपनांपासून २०० पर्यंत नेऊन परत ७ वर आणतात. यात पंधरा मिनिटे जातात. असे बारा वेळा, म्हणजे तीन तास, आणि तेही उभ्या, आडव्या व मागे-पुढे अशा तिन्ही दिशांनी वेगवेगळे. एवढे झाल्यावर बॅटरी गळता, फुटता किंवा पेटता कामा नये.

इथे एक बारकावा आहे आणि घरोघरी तो कळायला हवा. या परीक्षेत बॅटरी टेबलावर नुसती ठेवलेली नसते. ती टेबलाला घट्ट आवळलेली असते. म्हणजे कागदावर जे प्रमाणपत्र मिळते, ते बांधलेल्या बॅटरीला मिळते. आपण ती सीटखाली मोकळी सोडली, तर प्रत्येक खड्ड्यात ती उचलली जाऊन पत्र्यावर आपटते, आणि अशा आपटण्याची खात्री त्या कागदाने दिलेली नसते. सगळ्या लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर ते असे: बॅटरी गाडीबरोबर हलली तर चालेल, गाडीच्या आत हलता कामा नये.

जागा कोणती

दोन चाकांच्या ट्रॉलीत सगळ्यांत जास्त उसळते ते मागचे टोक. झोपाळ्याच्या मध्यावर बसलेल्याला जेवढा झोका लागतो, त्याहून टोकावरच्याला जास्त लागतो, तसेच हे. म्हणून बॅटरी ॲक्सलच्या जवळ किंवा किंचित पुढे, आणि शक्य तितकी खाली ठेवावी. मागच्या टोकाला वजन ठेवले तर हादरे वाढतातच, शिवाय वेगात ट्रॉली डावी-उजवीकडे झुलू लागते. टेम्पोतही मागच्या फळीपेक्षा दोन चाकांमधला भाग बरा.

गॅसची शेगडी, सिलिंडर, तेलाची कढई आणि इंजिनाचा गरम भाग यांच्यापासून बॅटरी दूर हवी. एप्रिल-मे महिन्यांत बदलापुरात पारा चाळीसच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून बरीच जास्त उष्णता साठते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे बहुतेक बनवणारे सांगतात. म्हणून पेटीला दोन्ही बाजूंनी जाळीची हवा ठेवावी आणि दुपारच्या उन्हात चार्जिंग टाळावे.

जिथे मुले झोपतात त्या गादीखाली, आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराजवळ, बॅटरी ठेवू नये. बिघाड झालाच तर धूर आधी तिथेच भरतो आणि बाहेर पडायची वाट बंद होते.

बैठक कशी असावी

खाली जाड, मऊ स्पंज किंवा गादी घातली की हादरे बसत नाहीत, असा समज आहे. प्रत्यक्षात उलटे होते. मऊ थरावर ठेवलेली वस्तू स्प्रिंगवर ठेवल्यासारखी स्वतःच नाचू लागते, आणि गाडीपेक्षा जास्त उसळते. खाली हवे ते ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे कडक रबर. ते सरकू देत नाही, घासू देत नाही आणि बारीक थरथर थोडी शोषून घेते. एवढेच त्याचे काम.

त्याच्या बाहेरून लोखंडी अँगलची चौकट करून घ्यावी. मापे घेताना बॅटरी आणि चौकट यांच्या मध्ये रबरापुरतीच फट ठेवावी. चौकट लाकडी फळीला स्क्रूने लावू नये, कारण हादऱ्याने स्क्रूची भोके मोठी होतात. चेसिसच्या आडव्या पट्टीला आरपार बोल्ट हवेत. फळीतूनच बोल्ट न्यायचे असतील तर खालून रुंद वायसर किंवा लोखंडी पट्टी द्यावी आणि आतून नायलॉनची कडी असलेला नट लावावा. असा नट थरथरीने सहजासहजी फिरत नाही. वेल्डिंगची आणि छिद्रे पाडण्याची सगळी कामे बॅटरी गाडीतून बाहेर काढून मगच करायची.

बॅटरी उभी ठेवायची की आडवी, हे तिच्या कागदावर दिलेले असते. चौकोनी सेलची बॅटरी उलटी, म्हणजे टोके खाली करून, कधीच ठेवू नये.

वरून दोन पट्टे हवेत. माल आवळायला टेम्पोवाले जो कडीचा चपटा पट्टा वापरतात, तो चांगला. स्कूटरवर डबा बांधायची हुकवाली लवचीक दोरी इथे कामाची नाही, ती ताणली जाते आणि बॅटरीला उडू देते. सुतळी कुजते, नायलॉनची दोरी उन्हात सैल पडते. पट्टा टोकांवरून नेऊ नये आणि पेटी दबेल इतका आवळूही नये. वरून लोखंडी पट्टी टाकायचीच असेल तर तिच्यावर रबरी नळी चढवावी.

काम झाल्यावर परीक्षा साधी आहे. दोन्ही हातांनी बॅटरीला पुढे, मागे, बाजूला आणि वर अशी जोरात ओढून पाहा. तिच्या वजनाच्या दुप्पट जोर लावला तरी ती जागची हलता कामा नये. अपघातात गाडी एकदम थांबते तेव्हा मोकळी राहिलेली बारा किलोची पेटी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत गाडीच्याच वेगाने येते, हे लक्षात ठेवले म्हणजे ही परीक्षा घ्यायचा कंटाळा येणार नाही.

तारांची काळजी

तार अनेक बारीक तंतूंची तांब्याची असावी. एका जाड तंतूची तार हादऱ्याने वाकून वाकून तुटते. टोकाला तांब्याचा लग दाबयंत्राने पक्का बसवून घ्यावा. हातोडीने ठोकलेला लग काही महिन्यांत ढिला होतो. लगावर सोल्डर ओतणेही टाळावे, कारण सोल्डर तारेत वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि नेमका तिथेच तार मोडते.

लग थेट टोकाला चिकटून हवा. त्याच्यावर साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग बोल्ट. वायसर लगाच्या खाली गेला तर वीज त्यातून जाते आणि जोड तापतो. बोल्ट किती आवळायचा, तो आकडा बॅटरीच्या कागदावर असतो आणि टॉर्क पाना असलेला कारागीर तो बरोबर साधतो. प्रमाणाबाहेर आवळल्याने टोकाचे आटे मोडतात.

आवळून झाल्यावर घरातले नेलपॉलिश घ्या आणि नटापासून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही नुसती नजर टाकली की कळेल. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. दोन मिनिटांचे काम आहे आणि घरातले कुणीही करू शकते. चौकटीच्या बोल्टांनाही अशीच रेघ ओढावी.

तार पत्र्याच्या छिद्रातून जात असेल तिथे रबरी ग्रोमेट हवे. नाहीतर पत्र्याची धार तिचे आवरण कापते. टोकाजवळ तार थोडी सैल, कमानीसारखी ठेवून पुढे वीत-वीत अंतरावर क्लिपने बांधावी, म्हणजे हादऱ्याचा ओढा टोकावर येत नाही. बेरजेच्या टोकापासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवावा. फ्यूजपर्यंतचा तुकडा घासला तर त्याला वाचवणारे काहीच नसते, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणे किंवा तारेचा तुकडा गुंडाळणे, म्हणजे आगीला वाट करून देणे. दोन्ही टोकांवर रबरी टोप्या हव्यात. गाडीवर काम करताना हातातले उलथने वरून पडले, तरी शॉर्ट होता कामा नये.

पाना हातात घेण्याआधी बांगड्या, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. धातूची बांगडी दोन टोकांना एकदम लागली तर क्षणात लाल होते.

विकत घेताना काय विचारावे

बाजारात तयार कंपनीचे पॅक मिळतात आणि स्थानिक जोडणीचेही. स्थानिक म्हणून वाईट, असे नाही. मात्र प्रश्न विचारायला संकोच करू नये. सेल आत प्लास्टिकच्या साच्यात पक्के बसवले आहेत का? सेलच्या मध्ये वेगळे आवरण आहे का? बीएमएसची पाटी स्क्रूने लावली आहे की नुसती टेपने चिकटवली आहे? सेल नवे आहेत की जुन्या गाडीच्या बॅटरीतून काढलेले? बिलावर क्षमता, सेलची जात आणि वॉरंटी लिहून मिळेल का? पेटी हातात घेऊन हलक्या हाताने हलवून पाहा. आत काही खडखडले तर ती घेऊ नका.

ई-वाहनाच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ चा आणि लहान पोर्टेबल बॅटरीसाठी आयएस १६०४६ चा उल्लेख पाहावा. वॉरंटीच्या कागदावरील अटीही वाचून घ्याव्यात. चुकीच्या बसवणीने झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, असे त्यात अनेकदा लिहिलेले असते. गाडीच्या मूळ बांधणीत कायमचा बदल करायचा असेल तर आधी कल्याणच्या आरटीओत विचारावे. परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि विम्याचा दावा करताना तोच अडचणीचा ठरू शकतो.

पूर आणि पाऊस

उल्हास नदीकाठच्या लोकांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती. अशा वेळी खाली उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या पाण्यात जातात. इशारा मिळाला की बॅटरी सोडवून वर नेता यावी, म्हणून पट्टे हाताने सुटणारे असलेले बरे. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी बाहेरून सुकली तरी चार्ज करू नये. आत शिरलेल्या पाण्याने आणि गाळाने कित्येक दिवसांनीही बिघाड होऊ शकतो. ती घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावी.

दिवसभर हादरलेली, रात्री चार्जिंगला

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. ही घटना हादऱ्याने झाली, असे आमचे म्हणणे नाही. पण दिवसभर रस्त्यावर फिरलेली बॅटरी रात्री घरात येते आणि माणसे झोपलेल्या खोलीत चार्ज होते, ही सवय आपल्या कितीतरी घरांत आहे. खोल्या लहान, माणसे जास्त, प्लगची जागा एकच, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही झोपण्याच्या खोलीत आणि दाराजवळ चार्जिंग नको. जागेपणी, नजरेसमोर, तिच्याच चार्जरने आणि कडक पृष्ठभागावर चार्ज करावी. प्रवासातून आलेली बॅटरी गरम असेल तर आधी तासभर निवू द्यावी.

पेटी फुगली, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, सुई-सुई आवाज आला, किंवा धूर दिसला, तर पैशांचा विचार करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, धुरात श्वास घेऊ नका आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. विझलेली लिथियम बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. म्हणून ती घरात किंवा गाडीत परत आणू नये.

जुम्म्याची पाच मिनिटे

एवढ्या सगळ्या गोष्टी लक्षात कशा राहणार, असे वाटेल. आम्ही एक सोपी वेळ सुचवतो. आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या सकाळी, धंद्याला किंवा प्रवासाला निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढा आणि एवढे पाहा:

१. बॅटरीला हाताने रेटून पाहा. हलते का?
२. नेलपॉलिशच्या रेघा सरळ आहेत का?
३. पट्टे सैल झाले आहेत का, कडा उसवल्या आहेत का?
४. तारांचे आवरण कुठे घासले, चिरले किंवा काळे पडले आहे का?
५. काही वेळ वापरून बंद केल्यावर, हाताची पाठ टोकांच्या जवळ न्या. एक टोक दुसऱ्यापेक्षा गरम लागते का? लागत असेल तर तो जोड सैल आहे.
६. पेटी कुठे फुगली आहे का, काही वास येतो का?

पहिल्या प्रवासानंतर साधारण शंभर किलोमीटरवर सगळे नट एकदा तपासून घ्यावेत, कारण नवे रबर दबते आणि आवळलेले थोडे सैल पडते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळा संपल्यावर एकदा नक्की.

ही तपासणी गाडी चालवणाऱ्या अब्बूंनीच करावी असे काही नाही. अम्मी, मोठी मुलगी, शाळेत विज्ञान शिकणारा मुलगा, कुणीही करू शकते. उलट मुलांना सोबत घ्यावे. सैल जोड का तापतो, हे त्यांना पुस्तकापेक्षा गाडीवर लवकर समजेल.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. आज दारात उंट नाही, बॅटरी आहे. चौकट, रबर, दोन पट्टे, लग आणि फ्यूज यांचा सगळा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीपुढे फार थोडा आहे, आणि गाडीत बसणाऱ्या लेकरांपुढे तर तो मोजण्यासारखाही नाही. येत्या जुम्म्याला गाडीची सीट उचला, बॅटरीला हात लावून ओढून पाहा. हलली, तर पुढच्या प्रवासाच्या आधी वेल्डिंगवाल्याकडे जा.